पांढरी गाठ

गाठ कापली तर आत पांढरं निघालं. तिला वाटलं पातं कडेला लागलं असेल, म्हणून त्याच मुळावरची दुसरी गाठ तिने चिमट्यात धरली, मोहरीहून जरा मोठी, आणि बरोबर मधोमध कापली. तीही पांढरी. उकडलेला बटाटा मोडल्यावर दिसतो तशी, कोरडी आणि बेफिकीर. बाहेर एक ट्रक मागे येत होता आणि कोणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं. प्रयोगशाळेतला पंखा नेहमीसारखा एका अंगाला कलून फिरत होता. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ आतून लाल असावी लागते, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं स्वतःचं वयसुद्धा नव्हतं. वय कुणी विचारलं तर हल्ली तिला वजाबाकी करावी लागे. गाठीत जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर देतं, ते हवेतलं नत्र पकडून रोपाला देतात, आणि हे देणंघेणं चालू असेतोवर गाठ आतून लाल असते. बंद पडलं की रंग जातो. इतकं साधं आहे ते. शाळेच्या सहली यायच्या तेव्हा मुलांना ती हे एका वाक्यात सांगायची, पातं फिरवून आतला ठिपका दाखवायची, आणि दरवेळी एखादी मुलगी विचारायचीच, दुखत नाही का त्याला. तिने तिसरी गाठ कापली, चौथी कापली. मग पातं खाली ठेवलं. छातीत भीती बसली होती, आणि ती भीती शेतांबद्दल नव्हती, याची तिला तेव्हाच लाज वाटली.

तक्रारी आल्या म्हणून तर ही रोपं लावली होती. इथे बनलेले जिवाणूंचे पुडे बियाण्याला चोळून लोकांनी पेरणी केली आणि पीक पिवळं पडलं. एक तक्रार आली की माणूस म्हणतो, पेरणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असेल. चार आल्या की साहेब म्हणतात, "बाई, बघा जरा." बाईंनी बघितलं. खिडकीत कुंड्यांच्या दोन रांगा लावल्या, दोन्हींत वाळू, दोन्हींत पुड्यातलेच जिवाणू. फक्त दुसऱ्या रांगेला तिने स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं खतही दिलं होतं. आता सगळी आशा त्या दुसऱ्या रांगेवर होती. नत्र पकडणं हे फुकटचं काम नाही. त्याला ताकद लागते, आणि स्फुरदाशिवाय ती ताकद रोपाच्या अंगात खेळत नाही. जमिनीत स्फुरद नसलं, किंवा असूनही मातीने ते घट्ट धरून ठेवलं असलं, तर गाठी येतात पण उपाशी राहतात, पांढुरक्या राहतात, आणि त्यात जिवाणूचा काही दोष नसतो. तसं असेल तर सगळं सोपं होतं. पुड्यावर खताबद्दल एक सूचना छापायची, झालं. मनातल्या मनात ती त्या सूचनेची वाक्यंसुद्धा जुळवू लागली. दुसऱ्या रांगेतलं पहिलं रोप तिने वाळूतून अलगद सोडवलं, मुळं पाण्यात हलवली आणि क्षणभर तिला बरं वाटलं, कारण गाठी कितीतरी जास्त होत्या, टपोऱ्या होत्या, एकमेकींना चिकटून त्यांचे घोस झाले होते. मग तिने त्या कापल्या. पांढऱ्या. पोटभर जेवून पांढऱ्या. खायला काळ आणि भुईला भार. तिला हसू आलं.

जिवाणूच्या ह्या वाणाला प्रयोगशाळेत सगळे 'म्हातारा' म्हणत. तिच्या आधीपासून तो इथे होता. तिला हे काम शिकवणाऱ्या सरांनी तो तरुणपणी आणला होता. पिवळ्या पडलेल्या एका शेतात एकच रोप हिरवंगार उभं होतं, ते सरांनी मातीसकट उपटलं आणि रुमालात बांधून, मांडीवर धरून गाडीतून आणलं. ही गोष्ट सर दरवर्षी सांगत आणि दरवर्षी प्रवास थोडा लांबत असे, रुमाल थोडा फाटत असे. ती नोकरीला लागली तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. सरांनी म्हाताऱ्याची नळी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ह्याला नुसतं काचेत ठेवून गोडधोड खायला घातलं ना, की हा वाढतो मस्त, पण काम विसरतो. आयतं मिळाल्यावर कोण कशाला काम करील? वर्षातून एकदा तरी ह्याला मुळाकडे पाठवायचं. चार आठवडे राहील, काम करील, लाल होईल. मग सगळ्यात लाल गाठ निवडून त्यातून ह्याला परत आणायचं." ती बोलून गेली, "म्हणजे माहेरी पाठवायचं," आणि सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून त्या कामाचं नावच माहेरपण पडलं. शिपाईसुद्धा विचारायचा, "बाई, म्हाताऱ्याचं माहेरपण कधी यंदा?" मागच्या अंगणातल्या काचघरात ते चाले. उकळलेली वाळू, उकळलेलं पाणी, ओल्या काचांवरून ओघळणारं धुकं, आणि पानांना हात लागला की बोटांवर राहणारी ती आंबट चव. सर म्हणायचे, तुझ्याइतका स्वच्छ हात इथे कुणाचा नाही. ती घरी येऊन हे नवऱ्याला सांगायची आणि नवरा म्हणायचा, "चढवतायत तुला हरभऱ्याच्या झाडावर." "एवढंसं असतं ते," ती हाताने दाखवायची, "वीतभर. पडले तरी लागणार नाही." मग दोघंही हसायची, आणि ते हसणं तिला आता ऐकू आलं नाही, नुसतं आठवलं.

काचघर गेलं तसं माहेरपणही गेलं. एका वादळात काचा फुटल्या. नव्या बसेपर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या ठेवा, असं तेव्हाचे साहेब म्हणाले, आणि खुर्च्या एकदा बसल्या की उठत नाहीत. सर तोवर वारले होते. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं सगळेच म्हणाले, तीही म्हणाली. आणि म्हातारा तर झकास होता. एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत तो जात राहिला. थाळीवर थेंब सोडला की चकचकीत पांढरे ठिपके दाट उगवायचे, मोजून मोजून मान अवघडायची, आणि प्रत्येक वेळी मोजणी उत्तम. पुड्यात जिवाणू किती जिवंत आहेत एवढंच तपासायचं असतं. ते जिवंत होते. मग हे कुठल्या नळीत झालं? तिने डोळे मिटले आणि तिला नळ्यांची एक लांब रांग दिसली, मागे मागे जाणारी, सगळ्या सारख्या, सगळ्यांत तोच पांढरट थर. त्यातल्या एका नळीत तो सरांचा म्हातारा होता आणि तिच्या शेजारच्या नळीत नव्हता, आणि त्या दोन नळ्यांच्या मधल्या दिवशी ती नेहमीसारखी हात धुऊन, दिवा विझवून, बसने घरी गेली होती. त्या दिवशी काही झालं नव्हतं. कदाचित भाजी घ्यायला उतरली असेल.

नवऱ्याचंही असंच, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते परत ढकललं नाही. त्याच्या तपासण्या ती दरवर्षी न चुकता करून घ्यायची. साखर ठीक, रक्तदाब ठीक, हृदय तर तरुणाचं. डॉक्टर म्हणायचे, ह्यांना काहीसुद्धा झालेलं नाही, आणि ती म्हणायची, हो ना. तो ड्राफ्ट्समन होता. मोठमोठ्या इमारतींचे नकाशे हाताने काढायचा. शाईची रेघ चुकली तर ट्रेसिंगच्या कागदावरून ती पात्याने अशी खरवडायचा की कागदाला कळत नसे. मग संगणक आले आणि एका समारंभात हार घालून त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो घरी होता. आतल्या खोलीत त्याचं तिरकं टेबल अजून उभं होतं, पेन्सिली टोक काढून ठेवलेल्या असत, आणि कागद कोरा. चहा करू? चालेल. आज दुधी आणू? चालेल. मुलीचा फोन होता, यंदाही सुट्टी नाही म्हणाली. चालेल. इतक्या वर्षांत हा एकच शब्द त्याच्यात नीट वाढला होता. पण कधीपासून? सुरुवातीला तो विचारायचा, तू दिवसभर करतेस तरी काय? जिवाणू वाढवते, ती म्हणायची. "लोक मारतात आणि तू वाढवतेस," असं म्हणून तो तिच्या ताटात स्वतःच्या ताटातलं वाढायचा. एकदा आणून दाखवीन तुम्हाला मुळावर कसे राहतात ते, असं ती म्हणाली होती. ते राहून गेलं. मग त्याने विचारणं सोडलं की तिने सांगणं सोडलं? आधी कुणी? तिला वाटायचं त्याने. अर्थात तिला तसंच वाटणार. दोन माणसं एका घरात मूग गिळून बसली की पहिला मूग कुणी गिळला हे देवालाही सांगता येत नसावं.

साहेब तिच्याहून बरेच लहान होते आणि स्वभावाने वाईट नव्हते. टेबलावर त्यांनी मुलांचा फोटो काचेखाली ठेवला होता. ती म्हणाली, "साहेब, गाठी पांढऱ्या आहेत."

"पण गाठी आहेत ना?"

"आहेत. भरपूर आहेत."

"आणि पुड्यातली मोजणी?"

"मोजणीही भरपूर."

"मग झालं तर." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, पुड्यावर आपण काय छापतो? जिवंत जिवाणू. जिवंत आहेत. कामसू जिवाणू असं कुठे छापलंय?" ते स्वतःच हसले, मग तिच्याकडे बघून थांबले. "गंमत केली. बसा ना. हे बघा, खोटं कशाला बोलू, मलाही बरं नाही वाटत. वर कळवतो. नवा वाण मागवू बाहेरून, पुढच्या हंगामात."

"आणि तोवर?"

"तोवर हाच. बंद केलं तर विभागच बंद करतील. मग वाण आला काय, नाही आला काय."

"आणि म्हातारा?"

साहेबांना क्षणभर कळलं नाही. मग ते म्हणाले, "त्याचं काय करायचं आता? नवा आला की फ्रीज रिकामा करू. तुम्हालाही वर्षच उरलंय ना, बाई. कशाला जिवाला लावून घेता." हे ते खरोखर मायेने म्हणाले, आणि तिला त्या मायेचा इतका राग आला की ती "बरं" म्हणून उठली.

एक कुपी होती. सरांनी स्वतः गोठवून, कोरडी करून, काचेचं तोंड वितळवून बंद केलेली, त्या वेळच्या कुप्यांतली शेवटची. बाकीच्या कधी ना कधी कामाला आल्या. ही फ्रीजच्या तळाशी कापसात होती, आणि तिच्यातली चिमूटभर भुकटी म्हणजे माहेरपण थांबण्याच्या कितीतरी आधीचा म्हातारा. तिने कुपीची मान मोडली, आत पाणी सोडलं, एक थेंब थाळीवर घातला. आठवडा गेला तरी थाळी कोरी. म्हणजे मेला असेल, किंवा इतके थोडे उरले असतील की थेंबात एकही आला नसेल. सर सांगायचे, थाळीला मोजायला लाख लागतात, मुळाला एक पुरतो. ते बरोबर ओळखतं आपल्या माणसाला. म्हणून तिने पुढे काही वाढवलं नाही, मागे काही ठेवलं नाही. उरलेलं सगळं पाच बियांवर घातलं. चुकत होतं का? बहुतेक नाही. इतक्या थोड्यातून वाटे काढले असते तर कुठल्याच वाट्यात काही आलं नसतं. आता एवढंच बघायचं होतं की गाठी येतात का, आणि आल्या तर त्या आतून लाल असतात का. तसं झालं तर सगळ्यात लाल गाठ निवडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तिला विभागाशी काही घेणं नव्हतं, खरं सांगायचं तर पिवळ्या शेतांशीही फार नव्हतं. तिला फक्त एकदा बघायचं होतं की गेलेलं परत येतं.

हे काम प्रयोगशाळेत करता येण्यासारखं नव्हतं. तिथे बिघडलेला म्हातारा सगळीकडे होता, टेबलांवर, पडद्यांत, लोकांच्या हातांवर. आली असती ती गाठ त्याचीच आली असती. साहेबांना तिने ताकास तूर लागू दिली नाही. वाळू घरच्या ओव्हनमध्ये भाजली, पाणी उकळून झाकून ठेवलं, आणि प्लास्टिकच्या पाच पेल्यांत बिया पेरून ते गॅलरीत ठेवले. वाळूत स्फुरद घातलं, बाकी सगळं घातलं, नत्राचा मात्र कणही नाही. रोपाला नत्राची भूक लागली पाहिजे. पोट भरलेलं रोप जिवाणूला हाक मारत नाही. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वाळू भाजणाऱ्या बायकोकडे बघत होता. तो काहीतरी विचारील असं तिला वाटलं, आणि त्याने विचारू नये असंही वाटलं. "ऑफिसचं आहे," ती म्हणाली, "हात लावू नका." तो म्हणाला, "बरं." निदान 'चालेल' म्हणाला नाही. पाचही उगवली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहायची, आणि चहा निवायचा. आधी हिरवी होती, बियांतलं होतं तेवढ्यावर. मग खालची पानं पिवळी पडू लागली, मग वरची. तसंच व्हायला हवं होतं. ही भूक होती. पण पिवळा पिवळाच दिसतो. उपटून बघायचा हात शिवशिवायचा आणि ती तो पदरात गुंडाळून घ्यायची. नवरा पाठीमागे पेपर वाचत बसलेला असायचा, निदान पानं उलटल्याचा आवाज यायचा.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी तिला तक्रारींच्या गावांना पाठवलं, पंधरवड्याच्या दौऱ्यावर. नाही म्हणायला तिच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या तिने गॅलरीत ओळीने ठेवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "रोज ह्यातलं थोडं थोडं घालाल? हेच पाणी. बाकी काही करू नका." तो पेपर बाजूला ठेवून उठला, बाटल्या बघून आला आणि म्हणाला, "किती थोडं?" तिने पेल्यावर बोट ठेवून दाखवलं. त्याने मान डोलावली. बऱ्याच वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

गावांमध्ये जे होतं ते होतं. शेतंच्या शेतं, पिवळी, उतरत्या उन्हात तर सुंदर दिसायची. ती वाकायची, रोप उपटायची, गाठ नखाने फोडायची, पांढरी. एका शेतात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुम्ही सांगितलं तसंच चोळलं हो बियाण्याला," ती म्हणाली, "सावलीत वाळवलंसुद्धा." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आपलं काय चुकलं हे तिला समजून घ्यायचं होतं. "तुमचं काही चुकलं नाही," एवढं बोलून ती पुढच्या बांधाकडे गेली. मुक्कामाच्या खोल्यांत, अनोळखी गाद्यांवर, ती पाच पेले डोळ्यांसमोर आणायची. ह्या दिवसांत आल्या असतील तर गाठी आल्या असतील. आल्या असतील तर भरत असतील. आशा नको, असं ती स्वतःला दटावायची, आणि आशा उंबऱ्यावरच्या मांजरासारखी हाकललं की दोन पावलं मागे जाऊन पुन्हा येऊन बसायची. तिला ती नको होती. ह्या वयात ती झेपत नाही.

परतताना संध्याकाळ होती. बसमधून उतरून ती आपल्या इमारतीसमोर आली आणि सवयीने नाही, धीर करून तिने वर बघितलं. गॅलरीच्या गजांमधून हिरवं दिसत होतं. पिवळं नव्हे, गर्द, काळपट, भूक भागलेलं हिरवं. ती पिशवी हातात घेऊन फुटपाथवर उभी राहिली आणि लोक तिला वळसा घालून जाऊ लागले. नत्राचा कण नसलेल्या वाळूत हिरवं. याचा अर्थ एकच होतो, दुसरा होतच नाही. तो जिवंत आहे. तो काम करतोय. सर, तो काम करतोय, असं ती मोठ्याने म्हणाली की मनात, हे तिला कळलं नाही. ती पंचविशीतल्यासारखी भराभर जिने चढली, दर पायरीला तिला सुखाने रडू येत होतं, आणि तिने ठरवलं की आज नवऱ्याला दाखवायचं. एक रोप त्याच्यासमोर उपटायचं, गाठ कापायची आणि म्हणायचं, हे बघा, मी म्हटलं होतं ना, आणून दाखवीन.

दार उघडणारा नवरा हसत होता. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली आणि म्हणाला, "आधी गॅलरीत चल."

गॅलरीत मातीच्या पाच कुंड्या होत्या, नव्या, आणि त्यांत काळी भुसभुशीत माती. पेले धुऊन कठड्यावर पालथे घातले होते.

"वाळू?" तिने विचारलं.

"टाकली. अगं, वाळूत कुठे झाड जगतं? तू गेलीस तेव्हाच पार पिवळी झाली होती. पाणी घातलं तू सांगितलंस तेवढं, पण नुसत्या पाण्याने काय होणार? म्हटलं खाली तर काही नाही ना, म्हणून एक उचकून बघितलं, तर हे एवढाले फोड मुळांना. पाचही रोपांना. त्यातलं एक नर्सरीत नेऊन दाखवलं. तो म्हणाला, किडीच्या गाठी असतात काका अशा, सगळं शोषून घेतात. काढा, मुळं औषधात बुडवा, चांगली माती द्या, वर थोडा युरिया. दोन दुपारी बसलो होतो टेबलापाशी. ते शाई खरवडायचं पातं होतं ना माझं, त्याने काढल्या. मूळ म्हणशील तर एकही तुटलं नाही." तो एका दमात इतकं बोलला की मध्ये त्याला श्वास घ्यावा लागला. त्याच्या नखांत काळी माती होती.

तिने कुंडीत हात घातला आणि एक रोप वर घेतलं. तो "अगं, अगं" म्हणाला, पण त्याने अडवलं नाही. मुळं स्वच्छ होती, तासून घेतलेली, एखाद्या नकाशात काढल्यासारखी, आणि त्यांवर कुठेही काही नव्हतं. तिने ती उजेडाकडे धरून फिरवून बघितली. औषधाचा वास येत होता. पानांतलं हिरवं युरियातल्या नत्राचं होतं. गाठी कुठे टाकल्या हे विचारायचं तिच्या मनात आलं, आणि उत्तर तिला माहीत होतं. कचरा रोज सकाळी जातो.

"कापली असेल ना एखादी?" ती म्हणाली. "काढताना. आत कशी होती?"

"म्हणजे?"

"रंग कसला होता आत?"

तो खरंच विचारात पडला. रंग हा त्याचा विषय होता, त्याबद्दल तो कधी घाईने बोलत नसे. "लाल," तो म्हणाला. "गुलाबी नव्हे. गडद, ओला लाल. पात्याला लागायचा. टेबलाच्या कागदावर डाग पडलेत, पुसले तरी गेले नाहीत. म्हणून तर म्हटलं, हा रोग जोरात आहे."

म्हणजे तो आला होता. इतकी वर्षं काचेत झोपून, चिमूटभर धुळीतून उठून तो मुळापर्यंत गेला होता, राहिला होता, आणि लाल झाला होता, इथे, तिच्या घरात, आतल्या खोलीतल्या टेबलावर. आणि आता जगात कुठेच नव्हता. तिने रोप पुन्हा मातीत ठेवलं आणि माती दाबली. नवऱ्याचा तिला तिरस्कार वाटला, आणि त्याच क्षणी त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं असंही वाटलं, आणि दोन्हींतलं काहीच करायचं बळ नव्हतं. एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. शाळेतल्या मुलांना सांगायची तसं. तिने तोंड उघडलं.

"तू रोज सकाळी बघत राहायचीस त्यांच्याकडे," तो म्हणाला. "चहा थंड होईस्तोवर. मी बघायचो तुला. म्हटलं, काहीही होवो, ही मरता कामा नयेत." हे बोलून तो संकोचला आणि त्याने कुंडीची कड बोटाने पुसली.

ती गॅलरीतल्या स्टुलावर बसली. खाली रस्त्यावर दिवे लागत होते, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तिने त्याला समोर बसायला सांगितलं आणि तो बसला. "पुन्हा सांगा," ती म्हणाली, "कसा लाल होता?" त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकही छटा न गाळता, आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिचा चेहरा बघून तो वाकला, तिच्या गुडघ्यावर त्याने हात ठेवला, आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या आवाजात काळजी आली.

"अगं, घाबरतेस काय," तो म्हणाला. "एकसुद्धा गाठ राहू दिली नाही मी."